एक गठ्ठा, एक पत्र

३ तारीख, सोमवार

आला! स्वतःच्या पायांनी आला, माझ्या टेबलासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, साहेब आहेत का?"

एकतीस वर्षं झाली. केस गेले, पाठीला बाक आला, पण 'बाई' म्हणून क्षणभर थांबायची ती सवय तशीच. शंभरांत ओळखेन. शिक्केबुवा! विद्यापीठाच्या परीक्षा विभागाचा तेव्हाचा प्रमुख. आता निवृत्त, आणि माजी विद्यार्थी संघाचा अध्यक्ष. कार्डावर नाव केवढं मोठं छापलंय!

मला ओळखलं नाही. ओळखणार कसा? लग्नानंतरचं नाव, चष्मा, वजन — माझं मलाच जुन्या फोटोत सापडायला वेळ लागतो.

विद्यापीठ सुधारणा विधेयक आमच्या आमदारसाहेबांच्या समितीपुढे आहे; मी अजून उघडलेलंही नाही. ते पुढे सरकावं म्हणून संघ जिल्ह्याजिल्ह्यातून पत्रं पाठवणार आहे. "पत्रांकडे साहेब लक्ष देतात ना?" त्याने विचारलं. म्हटलं, "साहेब तक्ता बघतात. तक्ता मी करते." खूश झाला. मला म्हणाला, "मग तुमच्याच हातात आहे म्हणायचं!"

हो रे बाबा. माझ्याच हातात आहे. पाणी दिलं त्याला. ग्लास स्वच्छ धुऊन दिला.

४ तारीख, मंगळवार

ह्यांना काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाले असते, "सोडून दे गं." आयुष्यभर हेच ऐकतेय.

७ तारीख, शुक्रवार

आज सगळं लिहून ठेवते. इतकी वर्षं मनात घोळवलं, कागदावर कधीच नाही.

शेवटचं वर्ष. परीक्षेचा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस आणि त्याच दिवशी बाबांना दवाखान्यात न्यावं लागलं. रात्रभर आई आणि मी बाकावर. सकाळी दहाला खिडकी उघडायच्या आधी विद्यापीठात हजर. हा शिक्केबुवा आतून आला, फॉर्म बघितला, तारीख बघितली. दवाखान्याचा कागद पुढे केला तर त्याला हातही लावला नाही. "नियम म्हणजे नियम, बाई. पुढच्या वर्षी या." आणि शिक्का — अपात्र! असा जोरात मारला की शाई माझ्या बोटांवर उडाली.

पुढचं वर्ष कुठलं यायला? बाबा गेले, घर माझ्यावर आलं, मिळेल ती नोकरी धरली. वर्गातल्या चाळीस जणांपैकी एकाने तोंड उघडलं नाही माझ्यासाठी. सगळे आपापले पेपर लिहून मोकळे झाले.

आणि ते 'अपात्र' काही तिथेच राहिलं नाही. सव्वीस वर्षं मी याच खुर्चीत आहे. बढतीला पदवी लागते. आमचा पीए माझ्याहून आठ वर्षांनी लहान, त्याला टिपण कसं लिहायचं हे मी शिकवलं, आणि आज तोच मला रजा मंजूर करतो! पदवी आहे ना त्याच्याकडे. तिसऱ्या श्रेणीतली.

१० तारीख, सोमवार

तीन पेट्या आल्या. टेम्पोने! माणसाने वर आणून आपटल्या तेव्हा टेबल हललं. पावतीवर लिहिलंय: एक हजार चारशे बारा पत्रं.

पहिलं पत्र उचललं. छापील. दुसरं उचललं, तेच. तिसरं तेच. "विद्यापीठाचा लौकिक", "गुणवत्तेची कास", "उज्ज्वल परंपरा" — डोळे मिटून म्हणता येईल असला मजकूर. दोन पानं, कोपऱ्यात पिन.

आणि मला हसूच फुटलं. इतका हुशार माणूस, जन्मभर नियमांवर जगला, आणि आमचा नियम विचारला नाही! एकाच मजकुराची कितीही छापील पत्रं आली तरी तो एक गठ्ठा, आणि तक्त्यात गठ्ठ्याचं एक पत्र. पाठवणाऱ्याने स्वतःच्या हाताने काही लिहिलं असेल तरच ते वेगळं मोजायचं. हा नियम मी केलेला नाही. माझ्या आधीपासून आहे. मी फक्त पाळते!

विरोधात सदतीस पत्रं आहेत. कॉलेजांच्या प्राचार्यांची. "कामाचा बोजा वाढेल" हाच सगळ्यांचा सूर, पण प्रत्येकाने आपापल्या शब्दांत रडगाणं गायलंय. म्हणजे सदतीस.

तक्ता: बाजूने एक. विरोधात सदतीस. अक्षर छान आलंय.

१२ तारीख, बुधवार

ऑफिसातली धाकटी — तक्ता कॉम्प्युटरवर घेते ती — कुरकुरत होती. "ताई, एवढ्या पेट्या आणि एकच? पानं उलटून बघूया ना. कुणी खाली काही लिहिलं असेल तर?"

एरवी बघते मी. शेवटच्या सहीपर्यंत बघते, माझा लौकिक आहे तसा. पण आज म्हटलं, "सगळं सारखंच आहे गं. मी बघितलंय."

खोटं बोलले. पंधरावीस पत्रांची पहिली पानं बघितली होती, बास. चौदाशे बारा वेळा त्याचा लौकिक वाचायला मला वेळ नाही. बिचारीने एक लिहिलं.

पीए येऊन बघून गेला. "तीन पेट्यांचं एक?" "नियम," म्हटलं. खांदे उडवून गेला. त्याला काय, एक काय अन् चौदाशे काय!

१४ तारीख, शुक्रवार

नशीब यायला लागलं की दोन्ही हातांनी येतं. समितीची बैठक गुरुवारी वीसला होती, ती मंगळवारी अठराला घेतली. चार वाजता सूचना फलकावर लागली. फक्त फलकावर.

शिक्केबुवांचा संघ दर शुक्रवारी एक पत्रक काढतो. सरकारदरबारी या आठवड्यात काय चाललंय, कोणतं विधेयक कुठे अडलंय, कुणाला लिहायचं. आमच्याकडेही येतं. आजच्या पत्रकात ठळक अक्षरांत: "गुरुवारी, वीस तारखेला मोठ्या संख्येने उपस्थित राहा!"

राहा, राहा.

१७ तारीख, सोमवार

त्याचा फोन. "बाई, गुरुवारचं पक्कं ना? लांबून माणसं यायची आहेत."

डोक्यावर बर्फ, तोंडात साखर. "साहेब, तारखा फोनवर सांगायची पद्धत नाही. फलक बघत जा."

"अहो, इथून तिथे यायला साडेतीन तास लागतात."

"नियम आहे, साहेब."

तो थांबला. मला वाटलं, आता ओळखतो. पण नाही. "बरोबर आहे तुमचं," एवढंच म्हणाला आणि फोन ठेवला. फोन ठेवल्यावर मी सगळ्यांसाठी चहा मागवला. आनंदाने!

१८ तारीख, मंगळवार

साडेअकराला संपलं सगळं. साहेब मनाचे दोलायमानच होते. "लोकांना हवं असेल तर पुढे नेऊ, नाहीतर कशाला प्राचार्यांचा रोष?" तक्ता मागितला. मी स्वतः नेऊन दिला. एक आणि सदतीस! साहेब हसले. "संघाच्या अध्यक्षांना चौदाशे माजी विद्यार्थ्यांत एकच मिळाला वाटतं." समितीत सगळे हसले. विधेयक परत. आता दोन वर्षं तरी कुणी विचारत नाही.

तो दोन वाजता पोचला. कुणीतरी कळवलं असणार. एकटाच, धापा टाकत, शर्ट पाठीला चिकटलेला. मीच सांगितलं त्याला. शब्द मोजून सांगितलं, गठ्ठ्याचा नियमही सांगितला. तो बाकावर बसला. मग म्हणाला, "मीच उशीर केला, बाई. फार आधी करायला हवं होतं हे."

मी म्हटलं, "नियम म्हणजे नियम."

एकतीस वर्षं हे वाक्य जपून ठेवलं होतं. तंतोतंत त्याच्याच चालीवर म्हटलं. त्याने मान हलवली आणि जिन्याने उतरून गेला. कठडा धरून. लिफ्ट होती, तरी जिन्याने.

१९ तारीख, बुधवार

गाढ झोप लागली. घरी गोड केलं. हे म्हणाले, "आज काय विशेष?" म्हटलं, "काही नाही, एक जुनं काम हातावेगळं झालं."

धाकटीने जेवणाच्या सुट्टीत विचारलं, "ताई, त्या म्हाताऱ्याने तुमचं काय घोडं मारलं होतं?" पोरगी कॉम्प्युटरपेक्षा माणसं बरी वाचते. डबा बंद करून उठले.

जिरवली. पुरती जिरवली! करावे तसे भरावे. पुन्हा पुन्हा लिहावंसं वाटतंय.

२४ तारीख, सोमवार

पेट्या रद्दीत द्यायच्या होत्या. पिना असल्या तर रद्दीवाला घेत नाही, म्हणून काढायला बसले. पिन निघाली की दुसरं पान वेगळं होतं.

दुसऱ्या पानावर छापलंय: "ज्यांची पदवी केवळ फॉर्म वेळेत न पोचल्याने राहिली, त्यांना वयाची अट न ठेवता पुन्हा परीक्षेला बसू द्यावं, हे या विधेयकाचं कलम अकरा. माझ्या वर्गातलं असं एक नाव —" आणि पुढे मोकळी जागा. प्रत्येकाने हाताने भरलेली.

पहिल्या पेटीत माझं माहेरचं नाव चार वेळा आहे. चार निरनिराळी अक्षरं. एकीने नावाखाली लिहिलंय, "आम्ही तेव्हा गप्प बसलो."

दुसऱ्या पेटीतल्या एका पत्रात 'माझ्या वर्गातलं' हे शब्द खोडून वर लिहिलंय, 'मी अडवलेलं'. पुढे माझं नाव, बाबांच्या नावासकट. खाली त्यांची सही.

तक्त्यात हे सगळं मिळून एक आहे.