लहान खोलीतला मोठा आवाज

ती. आत्या,

तुझ्या दुखऱ्या गुडघ्याला धक्का लागू नये म्हणून दोन हात लांबूनच वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? रोज फिरायला जातेस, की जातेस असं फक्त सगळ्यांना सांगतेस? इकडे आम्ही बापलेक ठीक. बाबांची तब्येत उत्तम, स्वभाव नेहमीसारखा.

पत्र लिहायचं निमित्त म्हणजे मी कॉम्प्युटरला स्पीकर घेतले. (यात लिहिण्यासारखं काय, असं तुला वाटेल. घेण्याआधी मलाही तसंच वाटत होतं.) लोकांच्या बैठकांची रेकॉर्डिंग ऐकून टाइप करायची हे माझं काम, आणि आमच्या कॉम्प्युटरचा स्वतःचा आवाज म्हणजे कोणीतरी उशीत तोंड खुपसून बोलतंय असा. मध्यंतरी एका संस्थेच्या इतिवृत्तात मी 'सभासदांना मान द्यावा'च्या जागी 'मार द्यावा' टाइप केलं आणि ते तसंच घरोघर गेलं. सचिवांचा फोन आला. रागावले नव्हते बिचारे. बऱ्याच जणांना ते पटलंय, याची त्यांना काळजी होती. हेडफोन लावावेत तर दारावरची बेल ऐकू येत नाही, आणि बाबा बेल ऐकूनही उठत नाहीत. ("तुझ्याकडेच आलं असेल कोणीतरी.")

दुकानदाराला मी बजावून सांगितलं, खोली एवढीशी आहे, कपाट उघडायचं तर खुर्ची पलंगावर ठेवावी लागते, तेव्हा लहान आणि स्वस्त काहीतरी द्या. "मग ताई, हेच घ्या," म्हणत त्यानं दोन स्पीकर आणि शेगडीएवढा एक काळा डबा पुढे सरकवला. डबा टेबलाखाली ठेवायचा, त्यातून म्हणे धीरगंभीर आवाज येतो. दुकानात तो वाजला तेव्हा माझ्या छातीत काहीतरी फार उदात्त दाटून आलं. (ते नुसते हादरे होते, हे घरी आल्यावर समजलं.)

घरी पहिलंच भाषण लावलं. अध्यक्ष "मित्रहो" म्हणाले आणि कपाटाचं दार आपोआप उघडलं. ते विकासाकडे वळेपर्यंत खालचे दाताचे डॉक्टर, मास्क आणि हातात चिमटा अशा थाटात, आमच्या दारात उभे! "अहो बाई, माझा पेशंट पळाला! इमारत पडतेय म्हणाला. अर्धाच दात भरून झालाय त्याचा!" मी माफी मागणार एवढ्यात बाबा पलंगावरून म्हणाले, "सुटला बिचारा." डॉक्टरांना हसू आलं म्हणून निभावलं. मग त्यांनी वाकून टेबलाखाली पाहिलं (आता हे त्या डब्यालाही तोंड उघडायला सांगतील की काय, असं मला उगाच वाटून गेलं) आणि निदान केलं, की एवढ्या खोलीला हा डबा नकोच, शिवाय कोपऱ्यात ठेवल्यानं तो आणखी घुमतोय. दोन छोटे स्पीकर घ्या, भिंतीपासून जरा पुढे ओढा, कानाच्या उंचीला ठेवा. जाताजाता बाबांना दाढ दाखवायला या म्हणाले. बाबांना तेव्हापासून ऐकू येत नाही.

दुकानदार ओळखच दाखवेना, पण पाऊण तास मी त्याच्यासमोर बसून राहिले तेव्हा त्यानं स्पीकर बदलून दिले. नवे स्पीकर कपाएवढे आहेत. स्टीलच्या डब्यांवर ठेवले तर डबेच गाऊ लागले, म्हणून आता दोन जाडजूड शब्दकोशांवर बसवलेत. आवाज इतका स्वच्छ, की बैठकीत खजिनदार घोरत होते हे मला आत्ता कळलं.

असो. आता थांबते. स्वतःला जप, आणि माझ्यावरचा लोभ आहे त्याच आवाजात चालू ठेव.

तुझी भाची

ता. क. कामाचं मी उगाच लांबण लावलं. इतके महिने बाबा तुझ्याशी का बोलत नाहीत, ते तुला कोणी सांगितलं नसेल. त्यांच्या तापानंतरच्या व्हिडिओ कॉलवर तू त्यांना "म्हातारा दिसतोस" म्हणालीस, असं ते म्हणतात. तू "आता बरा दिसतोस" म्हणाली असणार, दोष त्या पुटपुट्या कॉम्प्युटरचा, असं मी त्यांना पटवून दिलंय. स्पीकर त्यासाठीच घेतले. ते स्वतःहून फोन करणार नाहीत, पण गेल्या रविवारी इस्त्रीचा सदरा घालून दिवसभर 'स्पीकर कसे चालतात ते बघत' बसले होते. या रविवारी तू कॉल कर ना.

आणखी एक ता. क. तो कॉल माझ्याकडे रेकॉर्ड झालेला निघाला. काल बाबा अंघोळीला गेल्यावर नव्या स्पीकरवर ऐकला. आत्या, तू म्हाताराच म्हणालीस, आणि वर हसलीस. मी ते पुसून टाकलंय. रविवारी जरा जपून.