पावसाआधी घाटावर

आये, उद्या सकाळी टेम्पो येतोय. घोडी घाटावर न्यायची आहे. दरवर्षी जायची तशीच, पण या वेळी ती दिवाळीला परत यायची नाही, कायमचीच जायची आहे. ठरलंय सगळं. मीच ठरवलंय, आणि आता मीच सकाळपासून गोठ्यात तीनदा जाऊन आलो, काही काम नसताना. तू असतीस तर म्हणाली असतीस, "बस रे मेल्या एका जागेर, तिचो जीव घाबरो करतंस." तू नाहीस, म्हणून कागद घेऊन बसलोय. तुला वाचता येत नव्हतं हे ठाऊक आहे मला. आणि हे असं शाळेतलं मराठी तुझ्याशी मी आयुष्यात बोललो नाही, पण हातातून उतरतं ते हेच, काय करू? तुझ्याशी बोलायची भाषा लिहायला कोणी शिकवलीच नाही.

ही तीच घोडी, तुझ्या हातचं खाल्लेली. तू गेलीस तेव्हा सात वर्षांची होती, आता बाविसावं लागलंय. आपल्या घरात तुला ओळखणारं मी सोडून हे एवढंच एक जनावर उरलं आहे. बाबांचा टांगा केव्हाच मोडला. बाजारात आता रिक्षा झाल्या, तिथे टांग्यात कोण बसतं? मी हिला तारकर्लीला दर्याच्या पुळणीवर नेतो, म्हणजे नेत होतो. पर्यटकांच्या पोरांना पाठीवर बसवायचं, सुरूच्या बनापर्यंत जायचं आणि वळून यायचं. पोरांचे आईबाप मोबाईल धरून मागे पळतात. मी अठ्ठावन्न वर्षांचा झालो, गुडघे माझेही वाजतात, तेव्हा ती आणि मी एकाच चालीने चालायचो. शेजारीण खोल्या भाड्याने देते, तिच्याकडचे पाहुणे आम्हाला बघून हसतात. ती मला म्हणते, "एवढी सेवा बायलेची केली असतंस, तर आज घरात माणूस असता." मी म्हणतो, बायको मिळाली असती तर तिची केली असती. मग ती हसते, मीही हसतो आणि घरी येतो.

लोकांना वाटायचं घोडे बाबांचे. बाबा टांगा हाकायचे, चाबूक त्यांच्या हातात, म्हणून घोडे त्यांचे. पण घोडे तुझे होते. चुलीवर दोन टोप असायचे, एक आपल्या कुळथाच्या पिठीचा आणि एक घोड्याच्या कुळथाचा. बाबा रोज एकच थट्टा करायचे, "ह्यातलो माझो टोप खंयचो गो?" आणि तू मान वर न करता सांगायचीस, "जो दिवसभर राबता, तेचो मोठो टोप." मोठा टोप घोड्याचाच असायचा. थंडीत कुळीथ, तेही मऊ शिजवून, हाताने चिरडून बघून. शिमगा झाला की कुळीथ बंद. "आता तिका उष्ण पडतला," असं म्हणून तू नाचणीची आंबील सुरू करायचीस, त्यात मीठ आणि गुळाचा खडा. वैशाखात अकरा ते चार घोडं उन्हात काढायचं नाही, मग मामलेदार टांग्यासाठी खोळंबला तरी बेहत्तर. बाबा चिडायचे, "गिऱ्हाईक जाता!" तू म्हणायचीस, "जावंदे. गिऱ्हाईक उद्या दुसरा येतला. घोडी खंयसून आणतलास?" बाबा चाबूक खुंटीला अडकवायचे. ते पडवीत जाऊन विडी ओढत बसायचे.

तो उन्हाळा आठवतो तुला? मी वीस-एकवीस वर्षांचा असेन. टांग्याला तेव्हा जुनी लाल घोडी होती. दिवसभर फिरून ती घामाने निथळत होती, म्हणून मी तिला थेट दर्यात घातली. मस्त डुंबली. मीही डुंबलो. मग तशीच ओली घरी आणून बांधली, म्हटलं वाऱ्यावर सुकेल. विहिरीचे चार पोहरे ओढायचा कंटाळा, दुसरं काय! दुसऱ्या दिवशी बाबांनी तिच्यावर टांग्याचा साज चढवला आणि संध्याकाळपर्यंत पाठ सोलवटून निघाली. मीठ सुकून केसांत बसलं होतं, त्यावर कातडी पट्टा घासला गेला. तू तिच्या पाठीवरून हात फिरवलास, बोट जिभेला लावलंस आणि माझ्याकडे बघितलंस. मी म्हटलं, "फक्त आंघोळ घातली." दुसऱ्या सकाळी मला म्हणालीस, "जा, दर्यात बुडान ये. गोडा पाणी घेव नको." मला वाटलं थट्टा करतेस. आलो तर अंगणात उन्हात बसवलंस, उघड्या पाठीवर गोणपाट टाकलंस आणि ते दोरीने आवळून बांधलंस. नारळ सोलायला दिलेस शंभर. जेवणाच्या वेळेपर्यंत माझ्या पाठीची आग आग झाली. येणारे-जाणारे विचारत होते, ह्याका काय झाला? तू सांगत होतीस, "घोडो झालो." मग मात्र तूच विहिरीवर नेलंस, पोहऱ्यावर पोहरे ओतलेस आणि खोबरेल चोळताना विचारलंस, "आता कळला मां?" कळलं होतं. त्यानंतर एकदाही खाऱ्या पाण्यानंतर गोडं पाणी घातल्याशिवाय मी घोडं बांधलेलं नाही. एवढं तरी माझं कबूल कर.

पण उद्याचं दुःख खाऱ्या पाण्याचं नाही, पावसाचं आहे. आपल्याकडे जून लागला की माणसाच्या बोटांतही चिखल्या होतात, तिथे चार महिने ओल्यात उभ्या राहणाऱ्या खुरांचं काय होणार? म्हणून ढग दिसायच्या आधी घोडे घाटावर न्यायचे, हा तुझा नेम. आंबे उतरून झाले की तू भाकऱ्या बांधायचीस, आणि बाबा आणि मी घोडा घेऊन चालत निघायचो, दोन मुक्काम करत. वर मुरमाची कोरडी जमीन, कडबा, वारा. तिथल्या ओळखीच्या शेतकऱ्याकडे ठेवायचं आणि दिवाळीला आणायचं. टांगा चार महिने उभा. घरात पैशांची ओढाताण व्हायची, पण तू ऐकायची नाहीस. आणि मला हेही माहीत आहे की घोडा गेल्यावर तू आठ दिवस रिकाम्या गोठ्यात जाऊन केर काढायचीस. एकदा मीच म्हटलं, "आये, रवांदे ना यंदा हंयच. तुका करमत नाय, माका पण करमत नाय." तू केरसुणी टाकलीस आणि माझ्यावर अशी उखडलीस की मी दचकलो. "आपल्याक करमत नाय म्हणान जनावर बांधून ठेवूचा नाय. ता पाप." तेवढंच. मग भाकऱ्या थापायला बसलीस.

आता ऐक. गेल्या वर्षी मी ते पाप केलं. सगळ्यांना सांगितलं, घाटात दरड आली, टेम्पोवाला येत नाही म्हणतो. शेजारणीला सांगितलं, घाटावरच्या त्या शेतकऱ्याच्या घरच्या वहिनींना फोनवर सांगितलं. दरड कसली आणि काय कसली! टेम्पोवाल्याला मीच फोन करून नको म्हटलं होतं. मला भीती वाटली गं. त्याच्या आदल्या पावसाळ्यात, ती घाटावर असताना, मी एकदा मोजले, सहा दिवस मी कुणाशी एक शब्द बोललो नव्हतो. खोल्या बंद, पर्यटक नाहीत, होड्या वर ओढलेल्या, शेजारीण लेकीकडे. घोडी असली की निदान सकाळी "उठलंस काय गो?" असं म्हणायला तोंड उघडतं. म्हणून ठेवून घेतली. म्हटलं, मी काळजी घेईन. घेतलीसुद्धा. खाली जांभ्याच्या लाद्यांवर नारळाची सोडणं पसरली, त्यावर भाताचं तूस, रोज बदललं. माश्यांसाठी धूर केला. खुरांना उंडीचं तेल लावलं. सगळं तू शिकवलेलं केलं, फक्त जे पहिलं शिकवलं होतंस तेच नाही केलं. श्रावण अर्धा झाला आणि गोठ्यात घाण वास सुटला. मागचा उजवा पाय ती टेकवेना.

जनावरांचा डॉक्टर भर पावसात आला. त्याने खूर उचलून सुरीने काळं झालेलं कापत नेलं, कापत नेलं, संपेचना. मी तिचं डोकं धरून उभा होतो. ती थरथरत होती, पण एकदाही लाथ मारली नाही. त्याने खाली वाकूनच विचारलं, "काका, एवढी वर्षं घोडी सांभाळताय, पावसात इथे ठेवलीत कशाला हिला?" मी म्हटलं, "घाट बंद होता." आये, तिच्या कानाशी तोंड होतं माझं आणि मी खोटं बोललो. दिवाळीपर्यंत ती बरी झाली, पण पाय ओढते. डॉक्टरने आता स्पष्टच सांगितलंय, असा आणखी एक पावसाळा काढला तर ती बसेल ती उठायची नाही. आणि दरवर्षी घाट चढ-उतार करण्याचंही तिचं वय राहिलेलं नाही. घाटावरच्या वहिनींना मी विचारलं. त्या म्हणाल्या, "भावजी, हितंच ऱ्हाऊ द्या की तिला आता. म्हातारपणी कशाला हेलपाटा? आमच्या दोन म्हशींत तिसरी ती." म्हणून हे ठरलं. ठरलं असं लिहितोय खरा, पण टेम्पोवाल्याचा नंबर माझ्याकडे आहे आणि अजून वेळ आहे. नको म्हणायला किती वेळ लागतो ते मला ठाऊक आहे.

*

हे पुढचं आठ दिवसांनी लिहितोय. फोन नाही केला. नेली तिला.

फळीवर चढेना. मी पंच्याने तिचे डोळे बांधले आणि पुढे चालत राहिलो, तेव्हा माझ्या मागून चढली. माझ्यावर विश्वास ठेवून चढली, याचंच फार वाईट वाटलं. टेम्पोवाला म्हणाला, "काका, फुडे बसा, आरामात." मी तिच्याबरोबर मागेच उभा राहिलो, घाटाची सगळी वळणं. ती माझ्या अंगावर रेलत होती आणि मी फळ्यांना धरून होतो. मनात म्हटलं, हिला उतरवताना त्रास होणार, ती मागे ओढणार, मला शोधणार. काय काय बोलायचं तेही ठरवून ठेवलं होतं. हसशील तू.

उतरली. जमीन हुंगली. मुरूम कोरडाठाक होता, वारा होता. आणि ती गुडघे मोडून खाली बसली आणि लोळली गं! चारी पाय वर करून, या कुशीवरून त्या कुशीवर, शिंगराने लोळावं तशी. आपल्या अंगणात वर्षभर ती एकदाही लोळली नव्हती, आणि माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं. मग उठली, अंग झाडलं, आणि वहिनींनी कडब्याची पेंढी टाकली होती त्यात तोंड घातलं. वहिनी म्हणाल्या, "बगा, माहेरला आल्यावानी करतीया." मी चहा घेतला. निघताना हाक मारली. तिचा एक कान माझ्याकडे वळला, तोंड कडब्यातच राहिलं. टेम्पो वळेपर्यंत मी बघत होतो, तिने मान वर केली नाही.

मला आनंद व्हायला हवा होता. तुला झाला असता. मी टेम्पोत बसून रडलो आणि टेम्पोवाल्याला सांगितलं डोळ्यात कडब्याचा कण गेला. तेही खोटंच.

परवा पाऊस लागला इथे. शेजारीण लेकीकडे गेली. गोठा मी धुऊन काढला, कोरडा केला, पुन्हा धुतला. हा कागद पेटीत ठेवीन नाहीतर चुलीत घालीन, पाठवायला पत्ता कुठे आहे तुझा? पण एक सांगून टाकतो, दुसऱ्या कुणाला सांगता येण्यासारखं नाही. मी रोज संध्याकाळी घाटावर फोन करतो. "वहिनी, खाते ना नीट?" असं विचारतो. वहिनी हसतात, म्हणतात, "लई खातीया भावजी, ताजीतवानी झालीया, तुम्ही नगा काळजी करू." मी "बरं बरं" म्हणतो आणि फोन ठेवतो. आणि आये, रोज फोन लावताना मला आतून ऐकायचं असतं ते वेगळंच असतं. एकदा तरी त्यांनी म्हणावं, की आज नाही खाल्लं तिने.