नागपूरची जागा

कळंब, मंगळवार

प्रिय श्रेया,

शनिवारी फोनवर तू म्हणालीस, 'नागपूरच्या विधी विद्यापीठात नंबर लागलाय, पण मी बारामतीतच लॉ करते, तुझ्याजवळ राहते.' मी नुसतं 'बघू' म्हटलं. आज सगळं लिहिते.

बाबा कसे गेले, ते तुला मी पुरतं कधी सांगितलंच नाही. तू पुण्याला वसतिगृहात होतीस. त्या सकाळी पाटाच्या पाण्याची पाळी आपली होती. सोनबानं (आता काका म्हणवत नाही) पाटावरचं आपल्या शेताकडचं दार बंद करून पाणी स्वतःच्या उसात वळवलं होतं. बाबा दार उघडायला वाकले आणि त्या सख्ख्या चुलतभावानं मागून डोक्यात खोरं घातलं. ते सरीत पडले, तरी हा घालतच होता. मी त्याच्या मनगटाला कडकडून चावले, तर लाथ घालून त्यानं माझी बरगडी मोडली. दवाखान्यात नेताना ट्रॉलीत बाबांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. "श्रेयाला कळवू नगं, पेपर हाय तिचा," एवढंच बोलले. वालचंदनगर यायच्या आत गेले.

काल बारामतीच्या कोर्टात माझी साक्ष होती. परवा संध्याकाळी, जामिनावर सुटलेला सोनबा गोठ्यात शिरला. केस धरून माझं डोकं गव्हाणीच्या दगडावर आपटलं. "उद्या त्वांड उघाडलंस, तर पोरीला पुण्यात गाठतो," म्हणाला. शेजारच्या शकुबाई काठी घेऊन धावल्या, म्हणून वाचले. टाके घातले, पोलिसांत तक्रार दिली आणि सकाळी पिंजऱ्यात जाऊन उभी राहिले.

त्याच्या बाजूनं एक तरुण वकीलबाई होत्या. त्यांनी मला पार सोलून काढलं. ऊस डोक्याच्या वर गेलेला, मग दिसलं कसं? पहिला घाव कुठं बसला? संताप आला गं. पण त्या एकदाही ओरडल्या नाहीत की खोटं बोलल्या नाहीत. त्यांनी विचारला म्हणून मी एकेक घाव सांगितला, आणि न्यायाधीशांनी तो लिहून घेतला. पट्टीतून रक्त गालावर आलं, तेव्हा जरा थांबूया, असं न्यायाधीशांना त्याच म्हणाल्या. असं विचारायला जिथं शिकवतात, तिथं तू जा. संध्याकाळी सोनबाचा जामीन रद्द झाला. कोर्टातूनच त्याला तुरुंगात नेलं. निकाल अजून लागायचाय.

टाक्यांची बातमी तुला कुणीतरी सांगेलच. मग नागपूरची जागा सोडून तू पुण्याहून मिळेल त्या गाडीनं इकडं निघशील. म्हणून शकुबाईंची अनिता पुण्याला निघालीय, तिच्या हाती हे पत्र पाठवतेय. येऊ नकोस. बाबांना त्यानं नेलं. तुझं कॉलेजही त्यानंच ठरवायचं का? शकुबाई माझ्या सोबतीला झोपायला येतात. जागा पक्की केल्याशिवाय मला फोन करू नकोस, बाळा. तुझा आवाज ऐकला, तर मीच 'ये' म्हणेन.

तुझीच,
आई