घरगुती आवाजाचा नमुना

४ सप्टेंबर २००६, ड्रेस्डेन

आलो एकदाचे! म्युनिकच्या त्या काडेपेटीतून सुटलो बाई. तिथे एवढ्याच भाड्यात दीड खोली आणि वर मालकीणबाईंचे टोमणे. इथे तीन खोल्या, बाल्कनी, खाली ट्रामचा थांबा. नव्या चिप-कारखान्यातल्या नोकरीवर कपिल इतका खूश, की ट्रकवाल्यांसमोर शौर्य दाखवायला एकट्याने सोफा उचलला. आता कंबर धरून बसलाय.

सहा वर्षांच्या आमच्या ऊर्जाने, म्हणजे ठमाबाईने, सगळ्या खोल्यांतून धावून घर पास केलं. मी मराठीत विचारते, ती जर्मनमध्ये उत्तर देते. जन्म म्युनिकचा, करणार काय! एकदा तरी तिच्या तोंडून मराठीत 'हो आई' ऐकायचंय मला.

नवी वही काढलीये. सांगलीला रेडिओवर निवेदन करायचे, तेव्हा लोक आवाजाला पत्रं पाठवायचे. इथे बोलायलाच कुणी नाही, तर निदान लिहावं.

१२ सप्टेंबर

इथलं दार महाखट्याळ. ओढलं की बंद. आतून कुलपात किल्ली राहिली असेल तर बाहेरची किल्ली फिरतच नाही. काल कपिल कचरा टाकायला गेला आणि मी आंघोळीत. बिचारा स्लिपरवर जिन्यात उभा. शेवटी ठमाबाईने खुर्चीवर चढून आतून उघडलं आणि दिवसभर तोरा मिरवला.

तिला नियम घालून दिला: खालची बेल वाजली की भिंतीवरचा फोन उचलायचा, आणि आईचा आवाज मराठीत आला तरच उघडायचं. कपिल म्हणाला, गेनाऊ, अगदी बरोबर, बँकेचा पासवर्डसुद्धा इतका पक्का नसतो. खरंच की! ट्राममध्ये शेजारच्या बाईच्या टोपीवर आम्ही खुशाल शेरे मारतो. इथे मराठी कळतेय कुणाच्या बापाला?

३ ऑक्टोबर

इंटरनेटवर फ्रीलान्सरांची एक साइट सापडली. तिच्यावर जाहिरात: मराठी स्त्रीचा आवाज हवा, बोलणाऱ्या यंत्रासाठी, काम घरबसल्या. वाचून उडालेच! माझ्यासाठीच लिहिल्यासारखी. माझ्या व्हिसावर 'काम करण्यास मनाई' असा शिक्का आहे, पण कपिल म्हणाला, घरातल्या घरात बोलायला कसली आलीये परवानगी. अर्ज पाठवला आणि लगेच उत्तर. हेर फोस नावाचे गृहस्थ; हेर म्हणजे इथलं 'श्रीयुत'. आवाजात ऊब आहे म्हणाले. सात वर्षांत मला कुणी असं काही म्हणालं नव्हतं. लाजलेच मी.

१० ऑक्टोबर

पहिला नमुना पाठवला. आकडे, वार, स्टेशनांची नावं. नमुना म्हणजे बिनपैशांचा, पैसे शेवटचा नमुना पसंत पडल्यावर.

म्युनिकहून माझ्या मैत्रिणीचा, चारुलताचा फोन आला. ती गेली काही वर्षं अशीच भाषांतरं करते, त्यामुळे तिने मला चांगलंच फैलावर घेतलं. करार कुठाय? फोन नंबर कुठाय? फुकट नमुना म्हणजे फुकट मजुरी, बावळटच आहेस. आणि इम्प्रेसुम बघितलंस का? इथल्या प्रत्येक धंद्याच्या साइटवर मालकाचं नाव-पत्ता असलेलं ते पान असावंच लागतं. नसेल तर भामटा समजायचा आणि पळायचं.

बघितलं. पान आहे, पण कोरं. फोसना विचारलं तर म्हणाले, काम चालू आहे, लवकरच भरेल. करारासाठी माझ्या पासपोर्टची आणि घरच्या पत्त्याच्या नोंदणीची प्रत मागितली. पाठवली. चारूला नाही सांगितलं, परत ओरडली असती.

१९ ऑक्टोबर

फोस म्हणतात आवाज फार रेडिओछाप आहे, घरगुती हवा. मुलीशी बोलता तसंच बोला, वाक्यं तुम्हीच निवडा. दिली मग: जेवून घे गं. हात धुतलेस का? कुणी रडवलं माझ्या बाळाला? ठमाबाई, दार उघड, मीच आहे.

शेवटचं त्यांना फार आवडलं.

मला मुलगी आहे हे मी त्यांना कधी सांगितलं? सांगितलं असेल बोलण्याच्या ओघात.

२ नोव्हेंबर

दोन आठवडे तेच वाक्य. रागावून म्हणा. दमून म्हणा. हातात पिशव्या आहेत असं समजून म्हणा. रडत म्हणा. घसा पार बसला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या सूज आहे, बोलू नका. कपिल म्हणतो बरंच झालं, घरात शांतता. मेल्याला मस्करी सुचते.

९ नोव्हेंबर

बस झालं. पैशांचं नाव नाही, करार नाही. आता नमुना मिळणार नाही, असं खडसावून लिहिलं. लगेच उत्तर आलं. पहिल्यांदाच मराठीत, शुद्ध देवनागरीत: काळजी नसावी. नमुना पुरेसा झाला. यापुढे प्रत्यक्ष जागेवर चाचणी.

चारूला फोन करून सगळं सांगितलं. ती ओरडली नाही. तेव्हा मला खरी भीती वाटली. पोलिसांत जा म्हणाली. जाऊन काय सांगू? शिक्का दाखवू? आपणच हात दाखवून अवलक्षण करून घेतलं. कपिल म्हणाला, आवाज गेला ना, किडनी तर नाही गेली? विसर.

१५ नोव्हेंबर

जेवताना ठमाबाईने सहज विचारलं, दुपारी तू खालून बेल का वाजवलीस?

दुपारी मी आंघोळ करत होते.

काय म्हणाले मी, विचारलं. तिने मान वाकडी करून नक्कल केली. ते वाक्य. पिशव्यांच्या धापेसकट. मग तू काय केलंस? तिने खालचंही दार उघडलं आणि वरचंही. आई होती ना! पण आत कुणी आलंच नाही, मग तिने दार लावून टाकलं.

कपिल म्हणाला लहान आहे, स्वप्न पडलं असेल. तिला स्वप्नं जर्मनमध्ये पडतात, कपिल.

१७ नोव्हेंबर

कपिल आठ दिवसांसाठी म्युनिकला गेला, कारखान्याच्या कामाला. जाऊ नको म्हटलं. आवाज फुटला नाही, त्याला ऐकूच गेलं नाही.

नवे नियम. बेल वाजली तर फोन उचलायचा नाही. किल्ली कायम आतून कुलपात. आवाजावर दार उघडायचंच नाही, कुणाच्याच. माझ्यासुद्धा.

साइट पुन्हा उघडून बघितली. इम्प्रेसुम भरलंय. मालकाच्या जागी माझं नाव. पत्ता हा. मजला हा. खाली एकच ओळ: चाचणी सुरू.

२० नोव्हेंबर

मी स्वतः ऐकला.

भर दुपारी. बेल वाजतच राहिली म्हणून मी भिंतीवरचा फोन उचलला. माझा आवाज. आताचा घोगरा नाही, चांगला होता तेव्हाचा. ठमाबाई, दार उघड, मीच आहे. बाल्कनीतून खाली वाकून बघितलं. दारापाशी कुणीच नाही. एक ट्राम गेली. आणि फोनमध्ये तो बोलतच होता.

फोनची वायर उपटली. आता बाहेरून काही येणार नाही.

२१ नोव्हेंबर

ठमाबाईला ताप. मला बोलता येत नाही, नुसती हवा निघते. गोष्ट सांग म्हणाली. ओठ हलवले. तिने तोंड फिरवलं. म्हणाली, दुसरी आई छान बोलते.

दुसरी कुठली गं?

भिंतीकडे तोंड करून झोपली.

२२ नोव्हेंबर

ताप उतरत नाही. औषध संपलं. औषधाचं दुकान थांब्यापलीकडेच. तिला खुणांनी सांगितलं: मी गेले की किल्ली आतून लाव. परत आले की दार थोपटीन, तुला झोपवताना थोपटते तसं. आवाज नाही, थोपटणं. तेव्हाच उघड. तिने मान हलवली. जाते आणि आलेच.

तीच तारीख, जिन्यात

थोपटलं. पुन्हा थोपटलं. किल्ली आतून आहे, माझी फिरत नाही. शेजारच्या दोन्ही बेला दाबल्या. एकीने दार किलकिलं केलं, माझ्या तोंडून निघणारी हवा ऐकली आणि लावून घेतलं. मोबाइल आत. ओरडतेय तर —

ठमाबाई दाराशी आली. पावलं ऐकली. जर्मनमध्ये म्हणाली, जा इथून. आई घरातच आहे.

आणि तिच्या मागून माझा आवाज. शाबास गं. कुणालाही उघडायचं नाही.

पंधरा तारखेलाच ते आत आलं होतं. तिने उघडलं तेव्हाच. आठवडाभर घरात आमच्यासोबत — मी खालच्या दाराला पहारा देत बसले —

चिठ्ठी सरकवावी म्हणून, दुकानात लिहून दाखवायला घेतलेली ही वही काढली. तिला मराठी कुठे वाचता येतं! कपिल, हे तुझ्यासाठी लिहितेय. माझ्या आवाजावर विश्वास ठेवू नकोस. फोन आला, मी म्हटलं सगळं ठीक आहे, तरी नको ठेवूस —

आत ती दुसरी विचारतेय, हात धुतलेस का? जेवून घे गं. सगळी माझीच वाक्यं. मी निवडलेली.

आता नवं काहीतरी म्हणतेय. हे मी कधी रेकॉर्ड केलं नव्हतं. चल बाळा, बूट घाल, आपल्याला जायचंय.

आणि ठमाबाई उत्तर देतेय. मराठीत. स्वच्छ मराठीत.

हो आई.

किल्ली फिरतेय. मी दाराला घट्ट धरून आहे, सोडणार नाही, मी —