सत्तेचाळीस नंबरचा स्पंज

३ फेब्रुवारी, सोमवार

मेल्या! सगळ्या मेल्या! सत्तेचाळीस नंबरने कॅन्सरच्या गाठीच्या पेशी दोन दिवसांत साफ केल्या.

चार वर्षं समुद्रातले स्पंज कापतेय, अल्कोहोलमध्ये भिजवतेय, गाळतेय, आटवतेय — बाटल्यांनी कपाट भरलं आणि हाती धुपाटणं! आज चष्मेवालीने (पेशींच्या चाचण्या तीच करते) मला सूक्ष्मदर्शकाजवळ ओढलं. "बघ तरी, बये!" ताटलीत एक जिवंत नाही. दोघी नाचलो.

प्रयोगशाळेचे साहेब आले, बघितलं, म्हणाले, "सबुरी." आम्ही त्यांना सबुरीच म्हणतो. घराला आग लागली तरी हा माणूस सबुरीच म्हणेल.

स्पंज माझ्या दादाने समुद्रात बुडी मारून आणलेला. गंजाच्या रंगाचा, तळहाताएवढा. वास असा की डबा उघडला तर शेजारच्या खोलीतून शिव्या येतात.

४ फेब्रुवारी

दादाकडे जेवायला गेले आणि बोलून बसले. माझ्या जिभेला हाड नाही. वहिनीला डॉक्टरांनी डिसेंबरातच सांगितलंय — पोटातली गाठ आता काढता येणार नाही, घरीच ठेवा. आणि तिच्यासमोर मी शहाणी सांगतेय, गाठीच्या पेशी दोन दिवसांत खलास!

दादाने घास खाली ठेवला. "किती आणू?"

"पोतंभर आण," मी हसत म्हणाले. मग भानावर आले. म्हटलं, अरे, औषध व्हायला दहा-बारा वर्षं लागतात, शंभरातलं एकही होत नाही. तो ऐकतच नव्हता. वहिनी नुसती माझ्याकडे बघत होती. आई गेल्यावर हिनेच माझ्या वेण्या घातल्या. दादाशी भांडून मला कॉलेजात हिनेच पाठवलं. तिच्या ताटात दोन चमचे मऊ भात होता, तो तसाच राहिला.

काय गरज होती मला तोंड उघडायची?

९ फेब्रुवारी

दादा दिवसातून तीनदा बुडी मारतोय. त्रेपन्नाव्या वर्षी! आज नाकातून रक्त आलं, बाहीला पुसलं, वर मलाच — "तू तुझं काम कर."

दोन पेट्या भरून आणले. सगळा सत्तेचाळीसच. "मुळापासून काढू नये गं, थोडा ठेवला तर परत वाढतो" — हे मला त्यानेच शिकवलेलं. आता खडक खरवडून आणलाय. ओरडले. पालथ्या घड्यावर पाणी.

१४ फेब्रुवारी

वहिनीच्या कळा वाढल्यात. दादा फोनवर म्हणाला, "गोळ्यांनी भागत नाही आता. उशी दातात धरते, पण मला हाक मारत नाही." मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. फोन तसाच चालू.

१९ फेब्रुवारी

आज निरोगी यकृताच्या पेशींवर सत्तेचाळीस टाकला. देवा, त्यांना काही होऊ देऊ नकोस.

२० फेब्रुवारी

झालं! त्याही मेल्या. गाठीच्या पेशींपेक्षा लवकर मेल्या.

चष्मेवालीने चहा आणून ठेवला. सबुरीसाहेबांनी अहवाल दोनदा वाचला. "हे औषध नाही. विष आहे. गाठही मारतं आणि माणूसही. बंद करा." आज मात्र सबुरी नाही म्हणाले!

चुलीत जावो ते चार वर्षांचं काम. दादाला कुठल्या तोंडाने सांगू?

२१ फेब्रुवारी

मुद्दाम दादा समुद्रावर असताना गेले. भित्री आहे मी. वहिनीलाच सांगितलं, सगळं, जसंच्या तसं.

खिडकीजवळच्या पलंगावर होती. हाताची नुसती काडी झालीय. नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे चांगलं-वाईट सगळंच मरतं?"

"सगळंच. त्याच्यावर आस लावू नकोस, वहिनी."

मला वाटलं रडेल. ती माझ्या केसांवरून हात फिरवत राहिली. "बरं झालं मला सांगितलंस. ह्यांना मी सांगते. तू मधे पडू नकोस, तू बोलायला लागलीस की पाल्हाळ लावतेस."

हसले मी! घरी येताना हलकं वाटलं. माझ्या डोक्यावरचं ओझं तिने घेतलं, नेहमीसारखंच.

२५ फेब्रुवारी

दादा अजून समुद्रावर जातोच आहे. मला काही विचारत नाही, काही आणूनही देत नाही. रागावला असेल. असू दे. घरात बसून तरी काय करेल?

१ मार्च

वहिनी पिवळी पडलीय. डोळे, नखं, सगळं. दवाखान्यात हलवली. डॉक्टर म्हणाले, यकृताने काम सोडलं, रोग तिथवर पोचला असेल.

२ मार्च

गेली. सकाळी साडेनऊला. शेवटी कळा नव्हत्या म्हणे. दादाचा हात तिच्या हातात होता. मी जिन्यात होते.

वहिनी गं.

४ मार्च

दादाकडे स्वयंपाकघर आवरायला गेले. ओट्याखाली पातेलं, झाकण घट्ट बसवलेलं. उघडलं — आणि तो वास! तळाला गंजासारखा गाळ. डोळे बांधले तरी ओळखेन मी.

पातेलं घेऊन तिथेच फरशीवर बसले. हा उकळून पाजत होता तिला. तिने सांगितलं नाही ह्याला? की विसरली? की सांगूनही ह्याने ऐकलं नाही, माझं ऐकलं नाही तसं? बाहेरच्या खोलीत जाऊन त्याची गचांडी धरावीशी वाटली. गेले. तो तिची ओढणी मांडीवर घेऊन बसला होता. परत आले आणि पातेलं घासलं, तीनदा.

५ मार्च

शेवटी विचारलं. ओरडायचं ठरवून गेले होते.

दादा म्हणाला, "मी तयारच नव्हतो गं. अजून कच्चं आहे म्हटलं, तपासून होऊ दे. पण तू येऊन गेलीस ना त्या दिवशी, तेव्हापासून तीच मागे लागली. म्हणाली, तुमची बहीण सांगून गेलीय, लागू पडतंय, रोज दोन वेळा द्या. एक थेंब सांडू द्यायची नाही." मग माझ्याकडे बघितलं. "तू तसं सांगितलं होतंस ना?"

हो म्हणाले. डाव्या कानाने त्याला ऐकू येत नाही, म्हणून उजवीकडे जाऊन परत म्हणाले.