देव्हाऱ्यातलं वायफाय

सोम. ३ फेब्रु.
वायफाय आलं एकदाचं! उद्यापासून माझी ऑनलाइन शिकवणी. सकाळच्या शाळेची मुलं, दुपारी त्यांची जेवणं झाल्यावर. आधी चाचणी, जमलं तर पक्की नोकरी. लग्नानंतर पहिल्यांदा माझं स्वतःचं काही.
राउटर कुठे ठेवायचा यावरून महाभारत. सगळीकडे रेंज पोचेल असा प्लग एकच, पॅसेजमध्ये, देव्हाऱ्याच्या आत. वर भिंतीला ठोकतो म्हणाला टेक्निशियन, तर सासूबाई खवळल्या. "देवाच्या डोक्यार यंत्र?" शेवटी त्यांनीच देव जरा सरकवले, बाजूला राउटर बसवला. हळद-कुंकूही वाहिलं. मला काय, रेंज आली.

बुध. ५
सलग दुसऱ्या दिवशी क्लास सुरू होतानाच नेट गेलं. अपूर्णांक अर्धवट. मोबाइलवर ओढलं कसंबसं.
कस्टमर केअर : "राउटर बंद करके चालू कीजिए."
म्हटलं, आत्ता नाही जमणार, भगवान सोए हैं. (नैवेद्यानंतर पडदा ओढला की संध्याकाळच्या दिव्यापर्यंत कोणी उघडत नाही, घरचा नियम.) बाईने तक्रार नोंदवून घेतली.

शुक्र. ७
सकाळी टेक्निशियन. "लाइन एकदम झकास है, मॅडम." दुपारी परत तेच. फोन करून त्याला वाट्टेल ते बोलले. शिकवणीवाल्या मॅडमचा मेसेज, नेटचं असंच चालणार असेल तर बॅच दुसऱ्या कुणाला देऊ. डोळ्यात पाणीच आलं. संदीपला सांगितलं तर नवरोबा मोबाइलमधून मान वर न करता, "कंपनीच फालतू आहे यार."

रवि. ९
आज दुपारभर नेट मस्त! संदीपने टीव्हीवर अख्खी मॅच बघितली. माझ्याच नशिबात काय...

मंगळ. ११
चोर सापडला. घरातच!
क्लासआधी पाणी प्यायला उठले. सासूबाईंनी नैवेद्य दाखवला, देव्हाऱ्यात हात घातला, टक्. बटण बंद. मग पडदा.
"अहो आई, बंद का केलंत?"
"देवांका जेवल्यार आराम नको? ते दिवे लुकलुकतत. झोप कशी लागतली?"
"माझा क्लास असतो!"
"तू घराकच असतंस मां. मागसून घे."
घराकच! आणि रविवारी मॅच चालू होती तेव्हा देव जागेच होते ना? विचारलं तसं तोंडावर.
"तेका एकच दिवस सुट्टी असता गो."
संताप संताप झाला. देवांना विश्रांती, त्याला सुट्टी, आणि मी? संध्याकाळी संदीप म्हणतो, "आईला दुखवू नकोस, ॲडजस्ट कर ना." जेवले नाही. कोणी विचारलंही नाही.

बुध. १२
आजचा क्लास शिकवणीवाल्या मॅडम स्वतः बघणार. आज नेट गेलं तर बॅचही गेली.
सकाळीच आईंना सांगितलं, आज बटणाला हात लावायचा नाही, ही माझी नोकरी आहे. आवाज चढला माझा, चढू दे. राउटरचे दिवे झाकायला ब्लाऊजपीसचा जाड तुकडा दिला. घेतला, घडी घालून कमरेला खोचला.
नैवेद्य झाला. पडद्याच्या कड्या अजून वाजल्या नाहीत. स्क्रीनवर मुलं यायला लागलीत, मॅडमही आल्या. मी अजून हेडफोन घातलेला नाही. कान पॅसेजकडे, ते टक् ऐकू येतंय का