तुपाचा डबा

रविवार, १४ डिसेंबर १९८६, धानोरा

रेशनकार्ड शोधताना बाबांच्या पेटीत वर्षापूर्वीचा रक्ताचा रिपोर्ट सापडला. कोलेस्टेरॉल फार वाढलेलं. खाली डॉक्टरांनी इंग्रजीत लिहिलंय, वनस्पती तूप बंद.

घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी, आणि माझ्यापासूनच लपवलं?

"बाबा, काऊन लपवलं?"

"डॉक्टरनं सांगतलं होतं. पन तू मास्तरीन झाली, हौसेनं डबा आनत होती. तुले नाई कसा म्हनू, बाई?"

जवसाचं तेल गरिबाचं, असं म्हणून मीच तो वनस्पती तुपाचा डबा घरात आणला. वर्षभर बाबांच्या भातावर माझ्या हातानं तूप वाढलं, आणि ते हसत जेवले. हल्ली विहिरीवरून येताना छाती धरून बसतात.

डबा उकिरड्यावर रिकामा केला. राग उतरत नाही. मला शिकवलं कशासाठी? असलाच कागद वाचता यावा म्हणून ना?